घंगाळावरचा पोपट

नाही, पण मला एवढंच सांगा, घंगाळ कोणाचं? माझं. माझ्या आईचं, म्हणजे माझंच की. बरं, त्या घंगाळाच्या काठावर नाव कोणाचं? माझ्या धाकट्या जावेचं, रंगुबाईचं. आणि ते नाव ज्या अक्षरात घातलंय ते अक्षर कोणाचं? ...माझं! आता तुम्हीच सांगा, असा चोर कुठं बघितलाय का, जो मालकाच्याच अक्षरात माल स्वतःच्या नावावर करतो आणि वर मालकालाच विचारतो, "बाई, अक्षर वळखू येतंय का?"

वळखू. ती वळखू म्हणते, मी ओळखू म्हणते. आमच्या खर्डा गावात सगळे हाय, न्हाई, व्हय करतात आणि मी आहे, नाही, होय करते, कारण मी बोलायला माणसांकडून शिकले तेवढंच छापील कागदावरून शिकले. शाळेची पायरी चढले नाही एक दिवस. आणि तरी आज पुण्या-मुंबईत माझं अक्षर वापरतात, आणि... थांबा, ते नंतर. राग आला की माझंही हाय निघतं, तेवढं सोडून द्या.

तर तुम्हाला सांगते, मी भांड्यांवर नावं घालते. छिन्नी, हातोडी आणि डोळे, एवढंच भांडवल. आठवडी बाजारात चिंचेखाली पोतं अंथरून बसते, मांडीत ताट घेते आणि ठक ठक ठक, ठिपक्याला ठिपका लावत जाते. लग्नातलं भांडं असलं की 'कडून सप्रेम भेट', माणूस गेलेलं असलं की 'यांच्या स्मरणार्थ', आणि काहीच नसलं की नुसतं नाव, म्हणजे शेजारणीकडं भाजी दिली तर पातेलं घरी परत येतं. बाजारात मी ओरडते ते ठरलेलं आहे, "नाव नाही ते भांडं बेवारशी!" हे लक्षात ठेवा. मी विसरले होते, रंगू विसरली नाही.

शिकले कुठं म्हणाल, तर खरकट्यात. माझी आई भागिरथी लग्नाकार्यात भांडी घासायला जायची. तेव्हा कुठलं आलंय मांडववाल्याचं भाड्याचं सामान? सगळ्या गावाची भांडी एका लग्नात गोळा व्हायची आणि लग्न झालं की ज्याची त्याला पोचवायची. आईला वाचता येत नव्हतं, ती पोचा बघून ओळखायची, हे पोचा पडलेलं तेल्याचं, हे कान तुटलेलं गुरवाचं. आणि मी बारकी पोर, राखेनं घासता घासता ते ठिपके बघायची. हे ताट गुरवाच्या घरी जातं, म्हणजे हा 'गु' असणार. ही कळशी तेल्याकडं जाते, म्हणजे हा 'ते' असणार. लोकांची बाराखडी पाटीवर झाली, माझी राखेत झाली. म्हणून तर पक्की बसली.

पण मी साधं नाव घालत नाही हं. साधं घालणारे पुष्कळ आहेत, मुंग्या चालल्यासारखे. माझ्या उकाराला वेलीसारखी शेपटी असते, वेलांटीच्या टोकाला कळी असते, रफारावर कोयरी बसते, आणि नाव संपलं की शेवटी एक पोपट. आता पोपट सगळ्यांना नाही. मनात आलं तर. गिऱ्हाईक बोलायला बरं असलं, भांडं जड असलं, ऊन कमी असलं, तर पोपट. मागून मिळत नाही आणि न मागता कोणाला मिळेल सांगता येत नाही. माझ्या पोपटासाठी बायका पाथर्डीहून भांडी घेऊन आलेल्या आहेत, खोटं वाटत असेल तर विचारा.

बरं. तर माझी नात धनश्री. पुण्यात शिकते. काय शिकते विचारलं तर म्हणे, "आजी, अक्षरं." मी म्हटलं, अगं, ती तुझी पहिलीतच झाली होती ना, का कच्ची राहिली? तर म्हणाली, तसं नाही, अक्षरं तयार करायला शिकते. दिवाळीत आली ती घरात शिरली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर मांडणीवरची सगळी भांडी खाली काढली. मला वाटलं पोरगी कामाची निघाली, घासणार. कसली घासते, नुसते फोटो. मग शेजारच्यांची मांडणी, मग त्यांच्या शेजारच्यांची. गावभर हीच बोंब, "लंकाबाईची नात भांड्यांचे फोटो काढती, सरकारी योजना आली का काय?" दोघी-तिघींनी आधार कार्ड काढून ठेवलं.

शेवटी मला म्हणाली, "आजी, मी तुझ्या अक्षराचा फॉन्ट करते."

"म्हणजे काय करतेस?"

"साचा समज. एकदा केला की तुझ्या अक्षरात कोणीही, कुठंही, कितीही लिहू शकेल."

कोणीही, कुठंही, कितीही. हे तीन शब्द त्या दिवशी मी जरा कान देऊन ऐकले असते ना, तर आज घंगाळ न्हाणीत असतं. पण आपली नात कौतुक करत असली की कान कुठं जागेवर असतात?

मग सुरू झालं. "आजी, सगळी अक्षरं लागतील." लागू दे. "ङ नाहीये तुझा कुठल्याच भांड्यावर." मी म्हटलं, कसा असेल? ङ नावाचा एक माणूस दाखव मला जामखेड तालुक्यात, आत्ता त्याची परात कोरून देते. तर नाही, पाहिजेच. काढला बाई, अंदाजानं, पोटाशी एक ठिपका जास्त दिला आणि शेपूट वर नेलं, दिसतो कसा झकास, मांजर बसल्यासारखा. मग म्हणाली प्रश्नचिन्ह काढ. अगं, भांड्यावर कोण प्रश्न विचारतंय? मग टक्क्याचं चिन्ह. मग तो मोबाईलवाला, 'अ'च्या भोवती गोल. मी आयुष्यभर माणसांची नावं घातली, या पोरीनं मला म्हातारपणी टक्का घालायला लावला.

आणि पोपट. पोपट पण घेतला तिनं साच्यात. एक बटण दाबलं की पोपट बाहेर. मी तेव्हाच म्हटलं होतं, "पोपट नको घेऊस, पोपट बटणावर ठेवायची गोष्ट नाही." तर म्हणाली, "आजी, पोपटामुळंच चालणार आहे."

झालं तयार, आणि मला कॉम्प्युटरवर दाखवलं. मी बघते तर काय, अक्षर माझंच, पण झिजलेलं. ठिपके कुठं पुसट, कुठं अर्धवट, कडा खाल्लेल्या. मी म्हटलं, ही माझी बदनामी आहे, मी ठसठशीत घालते. तर म्हणाली, "आजी, मुद्दाम केलंय. व्हिंटेज लूक." म्हणजे? म्हणजे नवीनच, पण जुनं दिसावं असं. तुम्हाला सांगते, मी कपाळाला हात लावला. अक्षर झिजायला बाईचा एक अख्खा संसार लागतो. रोज राख, रोज काथ्या, सुना येतात, नातसुना येतात, तेव्हा कुठं एक ठिपका जातो. आणि ही पोरगी एका दुपारी सगळं झिजवून मोकळी!

नाव काय ठेवलं, तर 'लंका'. तेवढं बाकी मला आवडलं. त्यात परत दोन प्रकार, लंका रेग्युलर आणि लंका बोल्ड. रेग्युलर मी कधीच नव्हते, बोल्ड ठीक आहे.

आणि मग तिनं तो साचा इंटरनेटवर टाकला, आणि सुटलं हो ते. देवाशपथ सांगते, वळू सुटावा तसं सुटलं. पहिल्यांदा आली पारनेरहून एका लग्नाची पत्रिका, उघडली तर वरपासून खालपर्यंत माझं अक्षर. मी शेजारी-पाजारी दाखवून आले, अक्षर कोणाचं? माझं. मग जामखेडला गेले तर सलूनवर माझं अक्षर, 'जेंट्स पार्लर', आणि शेवटी पोपट. आत जाऊन सांगितलं, अक्षर कोणाचं? माझं. तो अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून पाया पडला. उसाच्या रसाची गाडी, माझं. बोअरवेलची गाडी, माझं. नवीन कॅफे म्हणून काहीतरी निघालंय तिथं चहाला कपाऐवजी पितळी पेला देतात आणि पेल्यावर माझं. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचे फ्लेक्स, दोन्ही माझ्याच अक्षरात, एकमेकांना शिव्या देतात तर माझ्याच वेलांट्यांनी. आणि एक दिवस स्टँडवर बघते तर भावपूर्ण श्रद्धांजली, मोठा फ्लेक्स, गेलेला माणूस बिचारा हात जोडून उभा, आणि 'श्रद्धांजली'च्या शेवटी माझा पोपट, हिरवागार, चोचीत मिरची. त्या घरच्यांना जाऊन मी चार शब्द सुनावले की पोपट काढा. तर त्यांचा मुलगा म्हणतो कसा, "आजी, वडलांना पक्षी लई आवडायचे."

पण खरं सांगू का? राग यायचा आणि छातीही फुगायची. खर्ड्यात मी रस्त्यानं निघाले की पोरं ओट्यावरून ओरडायची, "आज्जे, अक्षर कुणाचं?" आणि मी न थांबता म्हणायची, "माझं." ओरडा लेकांनो, ओरडा, तुमच्या मास्तरांचं अक्षर कोणी बोअरवेलच्या गाडीवर घातलंय का?

आता शिर्डी. हे नीट ऐका, कारण पुढं हेच माझ्या अंगावर आलं. आमच्या बचत गटाच्या बायका जीप करून शिर्डीला गेलो. मी होते, रंगू होती. दर्शन झालं, भुका लागल्या, आणि समोर एक हॉटेल, भिंतीला मुद्दाम उडवलेला रंग, दाराला मुद्दाम लावलेला गंज, आणि वर ही एवढी पाटी, 'आजीची चूल'. अक्षर कोणाचं? माझं! एवढं मोठं मी स्वतःलाही कधी बघितलं नव्हतं. आत गेले, गल्ल्यावर टाय लावलेला मॅनेजर.

मी म्हटलं, "ही पाटी कोणाची?"

"मालकांची."

"पाटी मालकांची. अक्षर कोणाचं?"

"आजी, ते व्हिंटेज आहे."

"व्हिंटेज म्हणजे काय रे?"

"म्हणजे नवीनच असतं, पण जुनं दिसतं."

"आणि मी जुनीच आहे आणि जुनीच दिसते, मला काय म्हणायचं?"

हसला बिचारा. म्हणाला, "ओरिजिनल." मग धनश्रीला फोन लावला, तिनं त्याला माझा फोटो पाठवला, छिन्नी-हातोडी हातात असलेला. तो खुर्चीतून उठला, मालकाला बोलावलं, मालकानं शाल घातली, फोटो काढला, आणि आमच्या अख्ख्या जीपला फुकट जेवण. रंगूनं बासुंदी दोनदा मागून घेतली, आणि प्रत्येक वाटीला वाढप्याला सांगत होती, "ही माझी थोरली जाऊ. अक्षर यांचंच हाय." मला तेव्हा काय बरं वाटलं म्हणून सांगू. मला काय माहीत, बाई साक्ष पाठ करतेय.

आता घंगाळ. माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्यांची भांडी घासली, आणि तिचं स्वतःचं म्हणावं असं मोठं भांडं एकच, तांब्याचं घंगाळ, दोन्ही बाजूंना कड्या, काठ असा रुंद की त्यावर लेकरू बसावं. ते तिनं मला दिलं. मी नाव घालायला शिकले तेव्हा म्हटलं, आई, ह्याच्यावर तुझं नाव घालते. तर म्हणाली, "कशाला गं? नाव परघरी जाणाऱ्या भांड्याला. हे कुठं जातंय?" म्हणून ते तसंच राहिलं. साऱ्या तालुक्याच्या भांड्यांवर माझं अक्षर, आणि माझ्या घरातलं घंगाळ कोरं. हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

रंगूच्या नातवाचं लग्न निघालं. रंगू आली, पदर सावरत, आवाज असा मऊ. "बाई, नवरदेवाच्या हळदीच्या अंघुळीला तुमचं घंगाळ द्या ना. पिलास्टिकच्या बादलीत न्हाऊ घालायचं का पोराला? फोटू निघत्यात." मी दिलं. मी स्वतः चिंचेनं घासून दिलं, आरशासारखं.

लग्न झालं. मांडव उतरला. पाहुणे गेले. घंगाळ काही येईना. मी आपली सभ्यपणानं वाट बघितली, मग सभ्यपणा संपला आणि गेले. दारात घंगाळ उन्हाला ठेवलेलं, पाणी तापायला. मी कडीला हात घातला आणि बघते तर काठावर, ठिपक्या ठिपक्यांत, 'सौ. रंगुबाई आदिनाथ', उकाराला वेल, वेलांटीला कळी, आणि शेवटी पोपट.

मी नाव परत एकदा वाचलं. एक क्षण मला खरंच वाटलं की मीच घातलं का काय, वयामुळं विसरले?

"रंगू, हे काय हाय?" निघालं बघा हाय.

"नाव हाय, बाई."

"कुणी घातलं?"

"जामखेडला भांड्याच्या दुकानात आता कॉम्प्युटरचं मशीन आलंय, तिथं घातलं. त्यो म्हनला, कुठलं अक्षर पायजे? मी म्हनलं आमच्या बाईंचं. त्यो म्हनला पोपट पायजे का? मी म्हनलं, पायजेच."

"अगं, पण घंगाळ माझं हाय!"

"नाव कुठं हुतं त्याच्यावर? तुमीच की बाजारात वरडता, नाव न्हाई ते भांडं बेवारशी. बेवारशी हुतं, मी वारस घातला."

मी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही, पण बोलले मोठ्यानं, त्यामुळं गल्ली गोळा झाली, गल्लीमागून आळी, आणि सगळे निघाले मारुतीच्या पारावर. पुढं आदिनाथ भाऊजी, म्हणजे रंगूचा नवरा, डोक्यावर घंगाळ घेऊन, बायकोच्या बाजूनं का माझ्या बाजूनं हे त्याच्या तोंडावरून ब्रह्मदेवाला कळलं नसतं. पारावर गहिनीनाथ भाऊजी बसलेले. ते मागं सरपंच होते, त्यांची मुदत संपली पण न्याय द्यायची सवय संपली नाही.

त्यांनी चष्मा पुसला, घंगाळ फिरवून फिरवून बघितलं. "वहिनी, घंगाळ तुमच्या आईचं, हे माझ्या आईनं बी सांगितलं असतं. पण ह्याच्यावर नाव रंगूचं, आनि अक्षर... कुणाचं रं पोरांनो?"

आणि ती ओट्यावरची कार्टी, एका सुरात, "लंका आज्जीचं!"

"म्हंजे तुमीच नाव घालून दिलं, असं दिसतंय. अक्षर म्हंजे सहीच की एक परकारची."

मी म्हटलं, "भाऊजी, मशीननं घातलंय. माझा हातसुद्धा लागला नाही."

तिथं रंगू उभी राहिली. तुम्हाला सांगते, ही बाई जन्मात चारचौघांत बोलली नाही, ग्रामसभेत तोंडाला पदर लावून बसते, आणि त्या दिवशी वकील झाली. "मशीननं घातलं म्हून बाईंचं न्हाई म्हनता? मग शिर्डीच्या हाटेलाची पाटी कुनी लिवली हुती? ती बी मशीननंच की. तिथं अक्षर माझं म्हून शाल घेतली, जीपभर बायका फुकट जेवलो. सलूनवाल्याला पाया पडाय लावलं. तिथलं मशीन बाईंचं, आनि माझ्या घंगाळावरचं मशीन परकं? आसं कसं, गहिनीनाथ अण्णा?"

सगळा पार माझ्याकडं बघायला लागला, आणि मी घंगाळाकडं. कारण बासुंदी मीही खाल्ली होती ना.

गहिनीनाथ भाऊजी म्हणाले, "वहिनी, सरळ हाय. अक्षर माझं न्हाई म्हना, घंगाळ उचला, घरी जावा. कोन आडवत न्हाई. पन मग पुन्यांदा कुठं अक्षर माझं म्हनायचं न्हाई. काय म्हनता?"

बघा म्हणजे कसा पेच. एकीकडं आईचं घंगाळ, तिनं जन्मात कमावलेली एकच वस्तू. आणि एकीकडं अक्षर, मी जन्मात कमावलेली एकच वस्तू. दोन शब्द बोलायचे होते हो, माझं नाही. तोंड उघडलं. जीभ वळेना. 'माझं'पर्यंत आले, पुढचं 'नाही' काही बाहेर येईना. समोर कार्टी बसलेली, कान टवकारून.

"माझं," मी म्हटलं. "अक्षर माझंच. शिर्डीचं माझं, सलूनचं माझं आणि ह्या घंगाळावरचंही माझं. घेऊन जा, रंगू."

आता तुम्हाला वाटेल रंगू नाचली असेल. नाही. ती घंगाळाकडं बघत होती आणि एकदम तिचे डोळे भरून आले. "मला घंगाळ नगं हुतं ओ, बाई. पोपट पायजे हुता. आख्ख्या गावाच्या ताटावर तुमचा पोपट हाय. माझ्या विहिणीच्या तांब्यावर सुदीक हाय. एका चुलीवर खाल्लं आपुन, माझ्या येकाबी भांड्यावर तुमी पोपट काडला न्हाई."

आता हे काय बोलणं झालं? मागितला होता का कधी? बरं, मागितला असता तर मी दिला नसता हे वेगळं, कारण मागून मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणून माणसानं जामखेडला जायचं? मशीनकडून पोपट घ्यायचा? आणि तो पोपट तरी कसला, मी जवळ जाऊन बघितला, सलूनच्या पाटीवर जो, श्रद्धांजलीवर जो, तोच इथं, डोळ्याचा ठिपकासुद्धा हलला नाही. माझ्या घरातल्या बाईनं असला उष्टा पोपट घेऊन फिरायचं?

मी म्हटलं, कोणीतरी माझी छिन्नी-हातोडी आणा.

"वहिनी, निकाल झालाय," गहिनीनाथ भाऊजी.

"निकाल राहू द्या. अक्षर माझं आहे ना? मग मजकूर अर्धाच आहे, पुरा करते."

बसले पारावर मांडी घालून, घंगाळ मांडीत. मनात मजकूर पक्का होता, 'सौ. रंगुबाई आदिनाथ' हे आहेच, त्याच्यापुढं 'यांस वापरण्यास दिले, काम झाल्यावर परत करणे, लंकाबाई.' कायद्यात बसवलं ना बरोबर? अक्षरही माझं राहिलं, घंगाळही माझं राहिलं. ठक ठक ठक. 'यांस' झालं. 'वापरण्यास' झालं. 'दिले' झालं. सगळा पार माझ्या हाताकडं बघतोय. रंगू माझ्या शेजारी उकिडवी, नाक ओढत. मशीनचा पोपट तिकडून माझ्याकडं बघतोय, मेलेल्या डोळ्यानं. आणि माझ्या मनात आलं. तिनं मागितला म्हणून नाही हं, मनात आलं म्हणून.

म्हटलं, आधी पोपट काढून घेऊ, मजकूर कुठं पळतोय.

आणि तुम्हाला सांगते, असा पोपट मी आजवर काढला नव्हता. मान वळवलेली, चोचीत दाण्याचं कणीस, पंखाचं पीस न् पीस वेगळं, आणि शेपटी... शेपटी अशी निघाली की निघालीच, काठाकाठानं, कडीच्या खालून, वळसा घेऊन पलीकडच्या कडीपर्यंत. पोरं पुढं सरकली. आदिनाथ भाऊजी पहिल्यांदा बोलला, म्हणाला, "उडंल की ह्यो." रंगूनं त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, जिवंत असल्यासारखं, हळूच.

मग मी मजकुराकडं आले आणि बघते तर काठ संपत आलेला. एका बाजूला मशीनचं नाव, एका बाजूला माझी शेपटी, मधे एवढीशी फट. त्या फटीत 'लंकाबाई' बसलं, तेही वेल न काढता. 'परत करणे' बसलंच नाही.

गहिनीनाथ भाऊजींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "सौ. रंगुबाई आदिनाथ यांस वापरण्यास दिले. लंकाबाई." मग घंगाळ उलटं करून बुडाखाली पण बघितलं. "कवापतूर वापरायचं ते लिवल्यालं न्हाई, वहिनी."

"लिहायचं होतं."

"पन लिवल्यालं न्हाई. आनि अक्षर तर तुमचंच."

रंगूनं डोळे पुसले आणि कडीला हात घातला. "बाईंनी वापराय दिलंय, तर वापरते," म्हणाली, आणि गेली की घेऊन. काय चपळ आहे बाई, मघाशी रडत होती.

आता असं आहे, सणावाराला तिचा निरोप येतो, "बाई, या न्हायला, तुमच्या घंगाळात पाणी काढलंय." जाते. पाणी तिचं, सरपण तिचं, उटणं तिचं, पाठ चोळायला ती, घंगाळ माझं. आणि आलेल्या-गेलेल्याला ती घंगाळ दाखवते, "पोपट बघा, बाईंच्या हातचा हाय, मशीनचा न्हवं." धनश्री आली होती, तिनं फोटो काढला आणि म्हणाली, आजी, हा पोपट साच्यात घालू का, लंका बोल्डमध्ये? मी म्हटलं, खबरदार. हा बटणावर यायचा नाही. हा एकच.

तसं शेपटी जरा आवरती घेतली असती तर 'परत करणे' आरामात बसलं असतं, मला कळत नाही का? कळतं. रोज अंघोळीला प्लास्टिकच्या बादलीत तांब्या बुडवताना कळतं. पण काय करू, लहान पोपट मला काढता येत नाही.